बंद म्हणजे बंद

मी एकवीस वर्षं मीटर वाचले. लोक पेपर वाचतात, पोथ्या वाचतात, मी मीटर वाचले. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, कानामागे पेन आणि समोर जिने. घरबांधणी मंडळाची वसाहत म्हणजे ज्यांना दुसरीकडे कुठे परवडत नाही त्यांच्यासाठी बांधलेल्या बारा इमारती; तिथली वीजबिलंही मंडळच काढायचं, मी त्याचीच नोकर. प्रत्येकीला चार मजले आणि लिफ्ट एकीलाही नाही. माझ्या गुडघ्यांची वाट त्या जिन्यांनी लावली. लोक म्हणतात नवऱ्याच्या काळजीने लागली, पण त्या बिचाऱ्यावर उगाच आळ नको. तो तेव्हाही पाठीचं दुखणं घेऊन अंथरुणात होता आणि आजही आहे. घर माझ्या पगारावर चालतं.

वसाहतीत मला मीटरताई म्हणतात. तोंडाची फटकळ म्हणून मी प्रसिद्ध आहे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानही होता. कोणी दार उघडायला उशीर केला की मी जिन्यातूनच ओरडायची, "अहो, मीटर बघायचाय, तुमचं तोंड नाही!" लोक हसायचे. फटकळ माणूस मनाने चांगला असतो असा लोकांचा समज असतो. माझाही होता.

हे सगळं खुर्चीकाकांसाठी सांगायला बसलेय. सात नंबरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताची पहिली खोली त्यांची. वेताच्या खुर्च्या विणायचे. बैठक फाटली, पाठ तुटली की बाजारातला फर्निचरवाला खुर्च्यांचे सांगाडे इमारतीच्या दाराशी टाकून जायचा, आणि काका एकेक सांगाडा डोक्यावर घेऊन वर न्यायचे. दर बुधवारी सकाळी विणलेल्या खुर्च्या हातगाडीवर घालून दुकानात पोचवायचे. काकांना दिसत नव्हतं. चाळिशीच्या आतच साखरेने डोळे नेले. पण त्यांची कीव करायला गेलात तर तुमचीच फजिती व्हायची.

"अगं मीटरताई," ते म्हणायचे, "या गावात ज्याची त्याची खुर्ची डळमळते. घट्ट करून देणारा मी एकटाच."

मंडळाच्या ऑफिसातल्या खुर्च्यासुद्धा त्यांनीच विणल्या होत्या. बैठकीच्या खाली, मागच्या डाव्या पायाजवळ, ते एक दुहेरी गाठ मारायचे. ती फक्त त्यांची. "सही आहे माझी," म्हणायचे, "वाचता येत नाही म्हणून काय सही करू नये?"

काम करायचे ते बाहेरच्या सामाईक गॅलरीत. वेत भिजवायला पाण्याचा टब, शेजारी चिमटा, सुरी, खिळ्यांचा डबा. प्रत्येक वस्तू बोटभर इकडची तिकडे होत नसे. दिवसभर गॅलरीत बसायचे, दुपारी आत येऊन आडवे व्हायचे, तेही असे की हूं की चूं नाही. खोलीत मात्र ते चालायचे तेव्हा बघत राहावं. दारातून आत आले की उजवीकडे ओटा, डावीकडे खाट, समोर खिडकी, खिडकीच्या कोपऱ्यात हूक, आणि त्या हुकाला सुक्या वेताची भलीमोठी वेटोळी. ते सरळ चालत जायचे, हात पुढे न करता. कपाकडे हात जायचा तो थेट कपावरच. तुम्हाआम्हाला उजेडात जेवढं जमत नाही तेवढं त्यांना जमायचं.

मी एकदा विचारलं, "काका, हे जमतं कसं?"

"जमवायचं काय त्यात? मला दिसतं ना," ते म्हणाले. "या खोलीत राहायला आलो तेव्हा डोळे होते माझे. दहा वर्षं बघितलीय ही खोली. मग हळूहळू गेले डोळे, पण खोली राहिली. बाहेर मी आंधळा. इथे नाही."

त्यांची बायको तेव्हा हयात नव्हती. तिला जाऊन वर्ष झालं होतं. ती शेवटपर्यंत एक काम इमानाने करायची, खोलीतली एकही वस्तू हलवायची नाही. नवीन भांडं आलं तर जुन्याच्याच जागी. काका ओट्याकडे तोंड करून बोलायचे कधी कधी, मी समोर बसलेली असतानाही. "साखर संपत आली बघ," असं काहीतरी. मग माझ्याकडे वळून हसायचे. "वेडबिड लागलं नाही मला. तिथेच उभी असायची ती. दिसते."

मी गेले की ते आधी दिवा लावायचे. भर दुपारीसुद्धा. पाहुणा आला की दिवा लावायचा, हा त्यांचा शिष्टाचार. मी उठले की बटण बंद, आणि बोटाने चाचपून बंद झाल्याची खात्री. महिन्यात तेवढाच काय तो दिवा. त्याखेरीज एक लहानसा रेडिओ, बस.

आणि इथेच घोटाळा आहे. त्यांचा मीटर खोलीच्या आत, दाराच्या वर होता. जुना, चकतीचा. ती चकती इतकी आळशी की महिन्याला एक युनिट, फार तर दोन. मी इमानेइतबारे एक लिहायची. ऑफिसातला तपासनीस लाल शाईने परत पाठवायचा: शंकास्पद, पुन्हा बघा. पुन्हा चार मजले. पुन्हा एकच युनिट. पुन्हा लाल शाई. एका महिन्यात मी सात नंबरचे जिने तीनदा चढले आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या धंद्यात एक सोय होती. घरी कोणी नसेल, दार लागलेलं असेल, तर आकड्याच्या जागी नुसतं "बं" लिहायचं. बं म्हणजे बंद. मग ऑफिस मागच्या महिन्यांवरून सरासरी धरायचं आणि कोणी काही विचारायचं नाही. मीटर बिघडला तरी बं. घर सोडून कोणी गेलं तरी बं. कुठला बं कुठला, ते लिहिणारीला माहीत आणि ती दुसऱ्याला सांगायची. कागदाला कशाला कळायला हवं?

"काका," मी म्हटलं, "यापुढे तुमचं बंद लिहिते. वैताग आलाय."

"लिही की," ते हसून म्हणाले. "बंदच आहेत. डोळे."

मी पण हसले. ते चहा टाकायला उठले. त्या दिवसापासून अकरा वर्षं, दर महिन्याला, मी त्यांच्या खोलीत त्यांच्याच खुर्चीवर बसून, त्यांनी माझ्यासाठी लावलेल्या दिव्याखाली, त्यांच्या हातचा चहा पीत रजिस्टरात लिहीत आले, की ही खोली बंद आहे.

मग नवीन मीटर आले. स्मार्ट. चकती नाही, काही नाही, आकडे आपोआप ऑफिसात. प्रत्येक खोलीत दोन पांढऱ्या डब्या, एक ओल आणि तापमान बघणारी, एक हालचाल बघणारी. सांगितलं असं, की भिंतीला बुरशी येते, लोक गारठतात, कोणी पडलं तर कोणाला कळत नाही, ते आता कळेल. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. दुसरंही एक कारण होतं. मंडळाच्या खोल्या नावावर करून लोक त्यांना कुलूप लावून ठेवतात, आणि खरे गरजू नऊ नऊ वर्षं यादीत ताटकळतात. अशा रिकाम्या खोल्या शोधायच्या होत्या. तेही बरोबरच.

काकांच्या खोलीत डब्या बसवायला ड्रिलवाला आला. त्याला खिडकीच्या कोपऱ्यात, हुकाच्या खाली, जुनं भोक आयतं मिळालं. हालचालीची डबी तिथे ठोकून तो गेला. काकांनी त्याला विचारलं, "हे काय बसवलंत?" तो म्हणाला, "नवीन आहे, हात लावू नका." काकांनी हात लावला नाही. वेताची वेटोळी जिथे नेहमी टांगत होते तिथेच टांगली, डबीच्या बरोबर तोंडावर.

मीटर वाचणाऱ्या आम्ही सहा जणी होतो, त्यातल्या चौघींना घरी पाठवलं. मला ठेवलं. वसाहतीच्या ऑफिसात खुर्ची दिली, समोर पडदा दिला. पडद्यावर प्रत्येक खोलीचा एक ठिपका. हिरवा म्हणजे माणूस राहतोय, सगळं ठीक. पिवळा म्हणजे लक्ष द्या. राखाडी म्हणजे रिकामी. माझ्याकडे पहिल्या सहा इमारती. सातपासून पुढच्या दुसऱ्या बाईकडे.

त्याच सुमाराला आमची जुनी रजिस्टरं टायपिंगला गेली होती, कुठल्या तरी एजन्सीत. एके दिवशी तिथल्या मुलीचा फोन आला. माझ्यापुढे तक्रारींचा ढीग होता. नवीन मीटरबद्दलचं निळ्या मथळ्याचं सूचनापत्र दारादारावर चिकटवलेलं, "हे स्टिकर काढू नये" असं खाली लिहिलेलं, आणि प्रत्येक जण फोन करून विचारत होता की काढू का.

मुलगी म्हणाली, "मॅडम, रजिस्टरात बं लिहिलंय बऱ्याच ठिकाणी. बं म्हणजे काय?"

"बंद."

"हो, पण बंद म्हणजे नक्की..."

"बंद म्हणजे बंद! आता बंदचाही अर्थ सांगू का तुला?" आणि मी फोन आपटला.

शेजारच्या टेबलावरचे खो खो हसले. म्हणाले, मीटरताईंच्या नादाला लागायचं नाही. त्या मुलीपुढे निवडायला एकच चौकट होती: बंद, वापरात नाही. तिने ती निवडली. तिची काय चूक? तिने तर विचारलं होतं.

त्यानंतर महिनाभराने काकांचा फोन आला. "अगं मीटरताई, दारावर आणखी एक कागद लावून गेलंय कोणीतरी. तुमच्याच लोकांचा का?"

"मथळ्याला उठावाची अक्षरं लागतात का हाताला?"

"लागतात."

"मग आमचाच. स्टिकर आहे ते, काका. राहू दे. फाडू नका हं."

"नाही फाडत."

मजल्यावरच्या प्रत्येक दारावर तसला निळा कागद होता. काकांच्या दारावर दोन होते एवढंच. शेजारी राहणारी दवाखान्यातली आयामावशी दोन पाळ्या करून यायची, ती कशाला कागद मोजत बसेल? त्या दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं की ही खोली जुन्या नोंदींप्रमाणे आणि नवीन यंत्राप्रमाणे रिकामी आढळली आहे, कोणी राहत असल्यास तीस दिवसांत ऑफिसात येऊन सांगावं, नाहीतर खोली ताब्यात घेतली जाईल. काकांनी तो कागद तीस दिवस जपला. आयामावशी सांगत होती, कोपरा उलगडायला लागला तर खळ लावून परत चिकटवला.

पथक आलं ते बुधवारी सकाळी. काका हातगाडी घेऊन दुकानात गेलेले. दार वाजवलं, कोणी नाही. पंचनामा केला, कुलूप तोडलं, आतलं सामान "सोडून दिलेलं" म्हणून पोत्यांत भरून गोदामात नेलं आणि दाराला मंडळाचं कुलूप घातलं. दोन तासांचं काम.

काका परत आले. चौथ्या मजल्यावर आले, डावीकडे वळले, किल्ली घातली. जाईना. आणि इथे माझा जीव तुटतो, त्यांना कुलपाचा संशय आला नाही. स्वतःचा आला. त्यांना वाटलं, आपण जिना मोजताना चुकलो. ते खाली गेले, अगदी रस्त्यापर्यंत, आणि पुन्हा पायऱ्या मोजत वर आले. किल्ली जाईना. पुन्हा खाली गेले. आयामावशी पाळी संपवून आली तेव्हा ते चौथ्यांदा चढत होते, घामाने निथळत, आणि पुटपुटत होते, "चौसष्ट. चौसष्टच आहेत. मग चुकतंय कुठे?"

मला फोन आला. मी धावत गेले, माझ्या त्या गुडघ्यांनी. दारावरचा दुसरा कागद वाचला. वाचला आणि मी जिन्यातच बसले.

काका म्हणाले, "काय लिहिलंय गं?"

मी म्हटलं, "चूक झालीय काहीतरी. मी बघते."

"तू आहेस म्हणजे होईल," काका म्हणाले आणि चेहऱ्यावरचा घाम पुसला.

सुनावणी आठव्या दिवशी लागली. तोवर काका भाचीकडे राहिले. भाची भली, पण दोन खोल्यांत सहा माणसं. काकांना एक खुर्ची दिली होती आणि ते तिच्यावरून उठायचे नाहीत, कोणाच्या पायात येऊ नये म्हणून.

अधिकारी मॅडम चांगल्या होत्या. हेच तर वाईट झालं. त्या वाईट असत्या तर मी त्यांच्या अंगावर ओरडले असते आणि मला ओरडताना खरं बोलता येतं. त्यांनी काकांना बसवलं, पाणी दिलं. काकांनी बसता बसता खुर्चीच्या खाली हात घातला, मागच्या डाव्या पायाजवळ. गाठ सापडली असणार. त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमचं यंत्र म्हणतं मी राहत नाही. ही तुमची खुर्ची कोणी विणली, यंत्राला विचारता का?"

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "काका, शेजारीण सांगते तुम्ही राहता, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. यंत्रापुढे वेत टांगलेला होता हेही मी लिहून घेते. खोली अजून कोणाला दिलेली नाही, सोमवारी द्यायची आहे. पण अडचण ही जुनी नोंद आहे." त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. "अकरा वर्षं. एकशे बत्तीस महिने. प्रत्येक महिन्याला बं. सही तुमची. ताई, या नोंदी चुकीच्या असतील तर तसं सांगा. मी आत्ता राखाडी काढते, आज संध्याकाळी काका आपल्या खोलीत. फक्त एवढंच, की मग एकशे बत्तीस खोट्या नोंदींचा खुलासा मला तुमच्याकडून मागावा लागेल. ते माझ्या हातात नाही."

मी रजिस्टराकडे बघितलं. माझंच अक्षर. कुठे घाईत, कुठे ठसठशीत. एका पानावर कपाचा गोल डाग होता. काकांच्या चहाचा.

मला निवृत्तीला दोन वर्षं होती. घरी नवरा अंथरुणात. चौघींना घरी पाठवलं तेव्हा मी बघितलं होतं, एकवीस वर्षांच्या कामाचा निरोप कसा पाच मिनिटांत होतो. हे सगळं मी आता कारण म्हणून सांगतेय. तेव्हा एवढं काही डोक्यात आलं नाही. तेव्हा नुसती भीती वाटली.

"तुम्ही बं लिहिलंत तेव्हा," मॅडम म्हणाल्या, "बंद म्हणजे काय?"

तोच प्रश्न. त्या मुलीचा. या वेळी कोणी फोनवर नव्हतं, आणि आपटायला काही नव्हतं.

मी म्हटलं, "दार बंद होतं, मॅडम."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

काकांचा हात खुर्चीखाली होता. तो थांबला. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, बरोबर माझ्या तोंडाच्या दिशेने, जणू काही दिसतंय. मला वाटलं, आता बोलतील. म्हणतील, अगं, चहा काय मग दाराबाहेर बसून प्यायलीस? मी वाट बघत होते. देवाशप्पथ, मला हवं होतं त्यांनी बोलावं. त्यांनी हात खुर्चीखालून काढला आणि मांडीवर ठेवला.

"ताई म्हणतात ते बरोबर असेल," ते म्हणाले. "मी कामात असायचो. ऐकू आलं नसेल."

बाहेर जिन्यात मी त्यांचा दंड धरला. मला म्हणायचं होतं, काका, मला माफ करा. म्हटलं मात्र, पायरी आहे, जपून. आयुष्यभर नको तिथे तोंड चालवलं मी. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"तुझं घर चालायला पाहिजे," म्हणाले.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवले असते.

सोमवारी त्यांची खोली एका बाईला मिळाली. दोन मुलं, सोबत म्हातारी आई, नऊ वर्षं यादीत. किल्ली हातात घेऊन ती रडली. तिचा राग करायलाही मला जागा नाही. काकांना पाच महिन्यांनी माणुसकीच्या नात्याने दुसरी खोली दिली. सात नंबरलाच, आणि पहिल्या मजल्यावर, म्हणजे उलट सोयीची. त्याच मापाची, तसाच ओटा, तशीच खिडकी. मॅडम म्हणाल्या, बघा, हुबेहूब तीच.

फक्त ती जिन्याच्या उजव्या हाताची होती. जिन्याच्या उजव्या हाताच्या सगळ्या खोल्या उलट्या बांधल्यात. ओटा डावीकडे, खाट उजवीकडे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. ते दारातून आत आले, सरळ, हात पुढे न करता, तीन पावलं टाकून उजवीकडे वळले आणि कपाळ खाटेअलीकडच्या भिंतीवर आपटलं. हसले. "सवय होईल," म्हणाले. सवय झाली नाही. बाहेरच्या जगात काका काठीने चाचपत नीट चालतात, कारण तिथे ते आंधळे आहेत. या खोलीत त्यांना जुनी खोली दिसते आणि ते जिथे दिसतं तिथे जातात. मी दारापासून ओट्यापर्यंत आणि पुढे खाटेपर्यंत दोरी बांधून दिली. गाठी मारून दिल्या, एक गाठ ओटा, दोन गाठी खाट.

"दोरीने वाट सापडते गं," ते म्हणाले. "खोली दिसत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ओट्याकडे वळलो की भिंत येते. मग आमची ही कुठे उभी राहणार? तिला जागाच नाही इथे."

खुर्च्या सुटल्या. बोटांना विणायचं आठवतं, पण गॅलरीही उलट्या बाजूची, चिमटा खाली ठेवला की सापडत नाही. टब पायाने दोनदा उपडा झाला. फर्निचरवाल्याने दोन महिने वाट बघितली, मग सांगाडे टाकायचे थांबवले. काका आता दिवसभर खोलीत चालतात. भिंत, दोरी, खाट, पुन्हा भिंत. काहीतरी शोधत असतात. काय शोधताय विचारलं तर सांगता येत नाही.

सात नंबरची इमारत आता माझ्या पडद्यावर आहे. मीच मागून घेतली. काकांचा ठिपका सगळ्या इमारतीत जास्त हिरवा आहे. ते आपल्या खोलीत होते, सुखात होते, तेव्हा इतके शांत असायचे की यंत्राला वाटलं कोणी नाहीच. आता यंत्राला वाटतं, चांगलं चाललंय. मागच्या आठवड्यात मॅडम माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "बघा, नवीन जागा मानवली की काकांना. किती हिंडतात!" माझ्या तोंडून निघालं, "हो."

आणि दिवा. तो ते आता बंद करत नाहीत. मीच एकदा बोलून गेले होते, काका, विजेचा वापर दिसला पाहिजे. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ दिवा चालू. पण हे नवे बल्ब तापत नाहीत, हात जवळ नेऊन कळत नाही की लागलाय का गेलाय. मग गॅलरीत पावलं वाजली की ते दार उघडून विचारतात, "जरा बघता का, माझा दिवा लागलाय का?" नवीन भाडेकरूंची पोरं घाबरून पळतात.

तरीही त्यांचा भरवसा बसत नाही. रोज सकाळी दहाला, मी पडदा चालू करून बसले की माझा फोन वाजतो. एकशे बत्तीस महिने मी त्यांच्या समोर बसून त्यांना नाही म्हणून लिहिलं, हे त्यांना माहीत आहे. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. एवढंच विचारतात.

"अगं मीटरताई, मी दिसतोय का?"

"दिसताय, काका."

"बरं," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात. मग पडद्यावर तो ठिपका पुन्हा हलायला लागतो.